‘ध’चा ‘मा’ आणि आनंदीबाई

येथे अल बर्शात शाळेत ‘मॅक्बेथ’ वाचणाऱ्या मुलाने, लेडी मॅक्बेथसारखी बाई आपल्याकडे कोण, असे विचारले तर मराठी घरात एकच नाव निघते : राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई.

त्या माहेरच्या ओक. राघोबांना पेशवाई हवी होती. ती मिळाली पुतण्यांना. थोरले माधवराव १७७२ साली क्षयाने गेले. त्या काळी सत्ताधीशाचे दुखणेही करणीवर ढकलले जाई, आणि राघोबांच्या जपानुष्ठानांकडे लोक संशयाने पाहत. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून केला. रामशास्त्र्यांनी दोषी ठरवले ते राघोबांना. आनंदीबाईंनी पत्रात ‘ध’चा ‘मा’ केला, ही आख्यायिका आहे.

स्कॉटलंडचा राजा जेम्स याने १५९७ साली चेटूकविद्येवर ग्रंथ लिहिला. १६०३ साली तो इंग्लंडच्या गादीवर आला आणि त्याच्याच अमदानीत शेक्सपिअरने राजहत्येच्या नाटकात चेटकिणी आणल्या. आपल्याकडे खाडिलकरांनी ‘भाऊबंदकी’त (१९०९) आनंदीबाई त्याच वळणावर उभ्या केल्या.

राघोबा १७८३ साली कोपरगावी वारले. आनंदीबाईंचे उरलेले दिवस नजरकैदेतच गेले. १७९४ साली नाशिकजवळ आनंदवल्लीस त्या निवर्तल्या. दोनच वर्षांनी त्यांचा मुलगा दुसरा बाजीराव पेशवा झाला. ज्या गादीपायी नाव काळे झाले, तिच्यावर बसलेला मुलगा त्यांना दिसला नाही.

मुलांना नाटक जरूर सांगावे. त्याबरोबर रामशास्त्र्यांचा निकालही सांगावा.