लिली पार

लिली पार (२६ एप्रिल, इ.स. १९०५, सेंट हेलेन्स, लँकेशायर, इंग्लंड – २४ मे, इ.स. १९७८) या इंग्लंडच्या फुटबॉल खेळाडू होत्या. डाव्या बाजूच्या बचावपटू म्हणून खेळास आरंभ करून पुढे त्या आघाडीफळीतील नामवंत खेळाडू झाल्या. प्रेस्टन येथील डिक, कर लेडीज या संघाकडून त्या तीस वर्षांहून अधिक काळ खेळल्या. या संघासोबत त्यांनी फ्रान्स आणि अमेरिकेतही सामने खेळले. २००२ साली इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयाच्या मानवंदना दालनात ज्यांचा समावेश झाला, अशा त्या पहिल्या महिला होत.

बालपण

सेंट हेलेन्स हे काचेच्या कारखान्यांचे गाव. लिली यांचे वडील अशाच एका कारखान्यात मजुरी करीत. सात भावंडांच्या या कुटुंबात मुलींकडून शिवणकाम व स्वयंपाक यांची अपेक्षा असे. लिली मात्र मोठ्या भावांबरोबर मोकळ्या जागेत फुटबॉल आणि रग्बी खेळत. मुलांच्या बरोबरीने खेळल्यामुळे त्यांच्या डाव्या पायाच्या फटक्यात विलक्षण जोर आला. पुढे त्यांची उंची सहा फुटांच्या जवळपास गेली.

महिला फुटबॉलची पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेल्याने दारूगोळ्याच्या कारखान्यांत हजारो स्त्रिया कामास लागल्या. ट्राम व रेल्वे इंजिने तयार करणारा प्रेस्टनचा डिक, कर कारखानाही युद्धकाळात दारूगोळा बनवू लागला होता. मधल्या सुटीत आवारात चेंडू खेळणाऱ्या तेथील कामगार स्त्रियांचा संघ आल्फ्रेड फ्रँकलंड या कर्मचाऱ्याने बांधला. १९१७ च्या नाताळच्या दिवशी डीपडेल मैदानावर या संघाचा सामना पाहण्यास सुमारे दहा हजार प्रेक्षक जमले आणि मिळालेले उत्पन्न जखमी सैनिकांच्या रुग्णालयास देण्यात आले. युद्ध संपल्यावरही हे सामने चालू राहिले.

कारकीर्द

लिली प्रथम सेंट हेलेन्सच्या महिला संघात डाव्या बाजूच्या बचावपटू होत्या. डिक, कर लेडीजविरुद्धच्या सामन्यात त्यांचा आणि त्यांची सहकारी ॲलिस वूड्स यांचा खेळ पाहून फ्रँकलंड यांनी दोघींना प्रेस्टनला बोलावले. लिली यांना कारखान्यात नोकरी मिळाली; शिवाय प्रत्येक सामन्यामागे दहा शिलिंग भत्ता मिळे. त्या वेळी त्यांचे वय जेमतेम चौदा-पंधरा वर्षांचे होते. नव्या संघात त्यांना बचावफळीतून काढून डाव्या बाजूने पुढे खेळविण्यात आले. पहिल्याच हंगामात त्यांनी ४३ गोल केले. डावीकडून गोलसमोर अचूक चेंडू टाकणे आणि दुरून जोरदार फटका मारणे ही त्यांच्या खेळाची वैशिष्ट्ये होती. त्यांचा फटका अडविताना एका पुरुष गोलरक्षकाचा हात मोडल्याची आख्यायिका आजही सांगितली जाते.

१९२० साली पॅरिसच्या महिला संघाने इंग्लंडचा दौरा केला आणि त्याच वर्षी डिक, कर लेडीज फ्रान्सला गेल्या. पॅरिसमधील पहिला सामना प्रेक्षक मैदानात घुसल्याने बरोबरीत थांबला; रूबे, ल आव्र आणि रूआँ येथील सामने इंग्लिश संघाने जिंकले. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर डिक, कर लेडीज आणि सेंट हेलेन्स यांच्यातील सामन्यास सुमारे ५३,००० प्रेक्षक उपस्थित होते व हजारो लोकांना जागेअभावी परतावे लागले. आपल्या जुन्या संघाविरुद्धचा हा सामना डिक, कर लेडीजने ४-० असा जिंकला. तीन हजार पौंडांहून अधिक निधी त्यातून मदतकार्यासाठी जमला.

बंदी

५ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने हा खेळ स्त्रियांना अयोग्य असल्याचे ठरविले आणि आपल्या सदस्य क्लबांना महिलांच्या सामन्यांसाठी मैदाने न देण्याचा आदेश दिला. फुटबॉलमुळे स्त्रियांच्या प्रकृतीस अपाय होतो असे मत काही डॉक्टरांनी दिले होते. तसेच सामन्यांच्या उत्पन्नातील बराच भाग मदतकार्याऐवजी खर्चात जातो, असा आक्षेप संघटनेने घेतला होता. मोठी मैदाने हातची गेल्याने प्रेक्षकसंख्या आणि निधी दोन्ही आटले. लिली यांचे वय तेव्हा सोळा वर्षांचे होते. कारकिर्दीचा जवळजवळ सर्व उरलेला काळ त्यांना या बंदीच्या छायेत काढावा लागला.

१९२२ साली संघ कॅनडाच्या दौऱ्यावर निघाला, परंतु तेथील फुटबॉल संघटनेने खेळण्यास मनाई केली. तेव्हा संघ अमेरिकेत पुरुषांच्या संघांविरुद्ध खेळला. नऊ सामन्यांपैकी तीन जिंकले, तीन बरोबरीत सुटले आणि तीन गमावले. स्वदेशात ज्यांना अयोग्य ठरविले होते, त्या स्त्रियांनी परदेशात पुरुष संघांशी बरोबरी साधली.

उत्तरायुष्य

लिली यांनी पुढे प्रेस्टनजवळील व्हिटिंगहॅम मनोरुग्णालयात परिचारिकेचे प्रशिक्षण घेऊन तेथेच दीर्घकाळ सेवा केली. संघाचे नाव नंतर प्रेस्टन लेडीज असे झाले. नोकरी सांभाळून, मिळेल त्या मैदानावर त्या खेळत राहिल्या आणि १९४६ मध्ये संघाच्या कर्णधार झाल्या. १९५१ च्या सुमारास त्यांनी निवृत्ती पत्करली. त्यांच्या गोलांची संख्या ९०० हून अधिक सांगितली जाते. १९६७ मध्ये त्यांना स्तनाच्या कर्करोगामुळे शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. १९७१ साली, तब्बल पन्नास वर्षांनी, बंदी उठली. ती उठल्याचे त्यांना पाहता आले. १९७८ साली त्यांचे निधन झाले आणि सेंट हेलेन्स येथे त्यांचे दफन करण्यात आले.

वारसा

२०१९ साली मँचेस्टर येथील राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयात त्यांचा पुतळा उभारण्यात आला. ब्रिटनमधील महिला फुटबॉल खेळाडूचा हा पहिला पुतळा होय. भारतात महिला फुटबॉलची राष्ट्रीय संघटना १९७५ साली, म्हणजे इंग्लंडमधील बंदी उठल्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, स्थापन झाली. २०२२ साली सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना नवी मुंबईतील नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर झाला. एके काळी ज्या खेळाची मैदाने स्त्रियांना बंद करण्यात आली होती, त्या खेळासाठी आज मोठी मैदाने खुली आहेत. या परिवर्तनामागे, बंदी असतानाही खेळ न सोडणाऱ्या लिली पार यांच्या पिढीचे योगदान मोलाचे आहे.