उद्योगधुरीण आणि क्रीडासंघटक : सर दोराबजी टाटा

पित्याने पाहिलेले स्वप्न पुत्राने सिद्धीस न्यावे, ही गोष्ट बोलावयास सोपी परंतु आचरावयास महाकठीण होय. सर दोराबजी टाटा यांनी ती आचरून दाखविली. लोखंडाच्या कारखान्याशी त्यांचे नाव निगडित आहे हे सर्वश्रुतच आहे. परंतु आपल्या देशातील क्रीडाक्षेत्रास संघटनेचे वळण देण्यात त्यांचा किती मोठा वाटा होता, याची तरुण मंडळींस फारशी कल्पना नसते. म्हणून हा अल्प चरित्रपरिचय.

दोराबजींचा जन्म ता. २७ ऑगस्ट १८५९ रोजी मुंबईस झाला. जमशेटजी व हिराबाई यांचे हे ज्येष्ठ पुत्र. १८७७ साली ते केंब्रिज येथे शिक्षणासाठी गेले. तेथे अभ्यासाइतकेच मैदानी खेळांनीही त्यांना वेड लावले. स्वदेशी परतल्यावर १८८२ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातून ते बी. ए. झाले. धनिकाचा पुत्र म्हणून लगोलग गादीवर न बसता त्यांनी सुमारे दोन वर्षे वृत्तपत्राच्या कचेरीत उमेदवारी केली, आणि मगच १८८४ मध्ये ते वडिलांच्या पेढीत दाखल झाले.

भारतात पोलादाचा कारखाना काढावयाचा, हा जमशेटजींचा ध्यास होता. त्यासाठी खनिजाच्या शोधात दोराबजींनी चांदा जिल्ह्याची रानेवने तुडविली. तेथे निराशा पदरी आली. परंतु नागपूरच्या पदार्थसंग्रहालयात एका भूस्तर-नकाशावर दुर्ग जिल्ह्यातील लोहखनिजाची खूण त्यांच्या दृष्टीस पडली व शोधास नवी दिशा मिळाली. १९०४ साली जमशेटजी निवर्तले आणि साऱ्या कार्याची धुरा दोराबजींच्या शिरावर आली. लंडनच्या भांडवलदारांनी हात आखडता घेतला, तेव्हा १९०७ मध्ये त्यांनी स्वदेशबांधवांनाच हाक दिली. आणि अवघ्या तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार लोकांनी सर्व भाग विकत घेतले! १९१२ साली साकची येथे पोलादाचा पहिला रस बाहेर पडला. १९१५ मध्ये खोपोलीच्या वीजघरातून मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळू लागली.

दोराबजींची खरी कसोटी लागली ती १९२४ साली. महायुद्धानंतर परदेशी पोलाद स्वस्त झाले, आणि कामगारांचा पगार भागविण्याइतकाही पैसा कारखान्यापाशी उरला नाही. अशा प्रसंगी दोराबजींनी आपली सारी खाजगी मिळकत इंपीरियल बँकेकडे तारण ठेवून एक कोटी रुपयांचे कर्ज उभारले. त्या तारणात पत्नी मेहेरबाई यांचा ‘ज्युबिली’ हा सुप्रसिद्ध हिराही होता. कारखाना वाचला आणि हजारो संसार वाचले.

आता त्यांच्या क्रीडाकार्याकडे वळू. मुंबईतील निरनिराळ्या धर्मांच्या व पंथांच्या शाळांना एकत्र आणून आंतरशालेय सामने भरविणाऱ्या संघटनेचे ते प्रारंभीच चिटणीस झाले होते. पुढे पुण्याच्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. तेथील शर्यतींत बहुतेक शेतकऱ्यांची मुले असत. मैदान इतके अपुरे की शंभर यार्डांची शर्यतसुद्धा वळणावरून धावावी लागे! नियमांची माहिती नाही, शिकवणी नाही, आहारही बेताचा. तथापि सुमारे पंचवीस मैलांच्या दौडीत ही अनवाणी मुले जो वेळ नोंदवीत, तो युरोपातील धावपटूंच्या वेळेशी ताडून पाहता दोराबजी थक्क झाले. गुण होता, उणीव होती ती व्यवस्थेची, हे त्यांनी अचूक ओळखले.

त्यांनी पुढाकार घेऊन व स्वतः पदरमोड करून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचे पथक पाठविले. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरॅथॉनमध्ये एकोणिसावे आले, तर कोल्हापूरकडील मल्ल रणधीर शिंदे कुस्तीत चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. त्याच सुमारास दोराबजी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सभासद झाले.

परंतु एका धनिकाच्या थैलीवर देशाचा क्रीडासंसार किती दिवस चालणार? दोराबजींचे मोठेपण असे की, हा प्रश्न त्यांना स्वतःलाच पडला. खेळाडूंची निवड कोणाच्या मर्जीवर न होता सामन्यांतून व्हावी, आणि त्यासाठी प्रांतोप्रांती संस्था असाव्यात, अशी त्यांची धारणा होती. मद्रासच्या वाय. एम. सी. ए. चे डॉ. नोरेन व हॅरी बक यांचे साहाय्य त्यांना लाभले. १९२४ साली दिल्लीस अखिल भारतीय सामने होऊन त्यांतून पॅरिसला जाणारे खेळाडू निवडण्यात आले. १९२७ मध्ये इंडियन ऑलिंपिक असोसिएशनची स्थापना होऊन दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष व डॉ. नोरेन चिटणीस झाले. पुढील वर्षीच अध्यक्षपद पतियाळाच्या महाराजांकडे गेले. दोराबजींनी खुर्चीला चिकटून राहण्याचा मोह धरला नाही. त्याच वर्षी आम्स्टरडॅमला भारतीय हॉकी संघाने एकही गोल न स्वीकारता सुवर्णपदक जिंकले.

१९३१ साली मेहेरबाईंचे रक्ताच्या कर्करोगाने निधन झाले. दोराबजींना अपत्य नव्हते. १९३२ मध्ये त्यांनी आपली जवळजवळ सारी संपत्ती विश्वस्त निधीस अर्पण केली, आणि पत्नीच्या इंग्लंडमधील समाधीच्या दर्शनास निघाले असता वाटेत जर्मनीत ता. ३ जून १९३२ रोजी त्यांनी देह ठेवला. या निधीच्या आश्रयानेच पुढे १९४१ साली मुंबईस टाटा स्मारक रुग्णालय व १९४५ साली मूलभूत संशोधनाची संस्था उदयास आली.

संस्था चालविणाऱ्या आपणां सर्वांस या चरित्रातून एक बोध घेण्याजोगा आहे. देणगीदार उदार असावा हे तर खरेच; परंतु आपल्या माघारीही कार्य अखंड चालावे म्हणून जो नियम घालून देतो, माणसे जोडतो आणि वेळ येताच आपली जागा दुसऱ्यास मोकळी करून देतो, त्याचेच दान चिरंजीव होते. दोराबजींचे दान या जातीचे होते.