भिकाऱ्याला स्वतःचा चेहरा देणारा चित्रकार : रेम्ब्रँट

आपल्या वाशीमकडच्या गावात भल्या पहाटे वासुदेव येतो, चिपळ्या वाजवतो आणि घरातली बाई सुपातलं धान्य त्याच्या झोळीत टाकते. मुलांना हे आठवायला सांगा आणि मग रेम्ब्रँटचं १६४८ सालचं चित्र दाखवा. तिथंही एक कुटुंब दारात उभं आहे. म्हाताऱ्याजवळ चक्र फिरवून वाजवायचं तंतुवाद्य आहे, बाईच्या पाठीवर तान्हं बाळ. घरधनी तिच्या हातावर नाणं ठेवतोय. (वासुदेवाला भिकारी म्हणू नका बरं का, तो दान पावतो.)

रेम्ब्रँटचा जन्म १६०६ चा, हॉलंडमधल्या लायडन गावचा. वडिलांची धान्य दळायची गिरणी होती, म्हणजे घरी खाऊनपिऊन सुखी. तरी विशी-पंचविशीत तो सारखा रस्त्यावरची माणसं काढत बसे : काठी टेकणारा म्हातारा, आंधळा सारंगीवाला, फाटक्या कपड्यातलं जोडपं. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईनं रेघा ओढायच्या, पत्रा आम्लात बुडवायचा आणि शाई भरून कागदावर छापायचं. एकाच पत्र्यावरून कितीतरी प्रती निघत. त्याच्या आधी फ्रान्सच्या जाक कालो यानेही भिकाऱ्यांची चित्रमाला काढली होती आणि रेम्ब्रँट तिच्यावरून शिकला. पण १६३० मध्ये त्यानं एक वेगळीच गोष्ट केली. उंचवट्यावर बसून हात पुढे करणारा भिकारी काढला आणि त्याला चेहरा दिला तो स्वतःचाच!

पुढे ॲम्स्टरडॅममध्ये नाव झालं, पैसा आला. १६३९ मध्ये १३,००० गिल्डरचं घर घेतलं, तेही कर्जानं. तीन मुलं तान्हेपणीच गेली, १६४२ मध्ये पत्नी सास्किया गेली. १६५६ मध्ये दिवाळं निघालं, घर आणि हौसेनं जमवलेल्या वस्तू विकल्या गेल्या. गंमत बघा, याच काळाच्या आसपास तो आपल्याकडच्या मुघल चित्रांवरून रेखाटनं करत होता. त्यातली वीसहून अधिक आजही आहेत. १६६८ मध्ये मुलगा टिटसही गेला. पुढच्याच वर्षी रेम्ब्रँट वारला आणि त्याला भाड्याच्या, नाव नसलेल्या थडग्यात पुरलं.

वर्गात १६३० चं चित्र आधी दाखवा. हा माणूस कोण असेल, काय मागत असेल, ते मुलांना बोलू द्या. चित्रकाराचं नाव मात्र शेवटी सांगा.