न्यायमूर्ती लुई ब्रँडाइस

इस्रायलमधील एन हाशोफेत हे किबुत्झ पुष्कळ वाचकांना ठाऊक असेल. या नावाचा अर्थ न्यायाधीशाचा झरा. १९३७ साली वसलेल्या या किबुत्झला ज्यांच्या सन्मानार्थ हे नाव दिले गेले, ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले ज्यू न्यायाधीश लुई ब्रँडाइस.

त्यांचा जन्म १३ नोव्हेंबर १८५६ रोजी केंटकी राज्यातील लुईव्हिल शहरी झाला. १८४८ ची क्रांती फसल्यावर त्यांचे आईवडील प्राग सोडून अमेरिकेत आले होते. हार्वर्ड येथे कायदा शिकत असता लुई यांचे डोळे अधू झाले. तेव्हा सोबती पुस्तके वाचून दाखवीत आणि ते ऐकून ध्यानात ठेवीत. तरीही १८७७ साली, अवघ्या विसाव्या वर्षी, ते पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले.

बोस्टनमध्ये त्यांची वकिली जोरात चालली. पैसा मिळाला, पण राहणी साधीच ठेवली. लोकहिताच्या कामाची ते फी घेत नसत. उलट त्या कामात गेलेल्या वेळेची भरपाई स्वतःच्या खिशातून आपल्या कचेरीला देत. गिरणीकामगारांच्या विम्याचे हप्ते फार महाग पडत आणि हप्ता चुकला की भरलेले पैसेही बुडत. हे पाहून त्यांनी खटपट केली व १९०७ साली मॅसॅच्युसेट्स राज्यात बचत बँकांमार्फत स्वस्त विमा सुरू करविला. पुढच्याच वर्षी, धुलाई कारखान्यांतील स्त्रियांना दहा तासांहून अधिक राबवू नये या ऑरेगॉनच्या कायद्याचा त्यांनी बचाव केला. त्यांच्या निवेदनात कायद्याची चर्चा थोडी आणि कामगारांच्या प्रकृतीविषयीची माहिती शंभराहून अधिक पाने होती. खटला त्यांनी जिंकला.

१९१० साली न्यूयॉर्कमधील शिवणकामगारांचा मोठा संप मिटविताना त्यांचा पूर्व युरोपातील गरीब ज्यूंशी जवळून संबंध आला. तोवर धर्मसमाजापासून दूर राहिलेले ब्रँडाइस १९१४ साली अमेरिकेतील झायोनिस्ट चळवळीचे पुढारी झाले. १९१९ साली ते पॅलेस्टाइनला जाऊन आले.

१९१६ च्या जानेवारीत अध्यक्ष विल्सन यांनी त्यांना सर्वोच्च न्यायालयावर नेमले आणि मोठे वादळ उठले. चार महिने चौकशी चालली. विरोधकांत बडे भांडवलदार होते, नामांकित वकील होते. कित्येकांच्या मनात ज्यूद्वेषही होता. अखेर १ जून रोजी ४७ विरुद्ध २२ मतांनी नेमणूक मंजूर झाली. तरीही न्यायालयातील एक सहकारी, मॅकरेनॉल्ड्स, त्यांच्याशी धड बोलतही नसे. ब्रँडाइस मात्र शांतपणे आपले काम करीत राहिले.

१९२८ साली सरकारच्या दारूबंदी अधिकाऱ्यांनी चोरट्या दारूच्या व्यापाऱ्यांचे टेलिफोन चोरून ऐकल्याचा खटला आला. बहुमताने सरकारचे म्हणणे मान्य केले. ब्रँडाइस यांनी विरोधी निकाल लिहिला: माणसाच्या खाजगी जीवनात सरकारने शिरू नये, आणि सरकारच कायदा मोडू लागले तर लोकही तेच शिकतील, असा त्याचा आशय होता. १९६७ साली त्याच न्यायालयाने टेलिफोनच्या बाबतीत त्यांची बाजू उचलून धरली. मात्र १९२७ साली सक्तीच्या नसबंदीला मान्यता देणाऱ्या निकालात ते बहुमताबरोबर राहिले, हेही सांगितले पाहिजे. स्वातंत्र्याच्या एवढ्या मोठ्या कैवाऱ्याची नजरही तेथे चुकली.

१९३९ साली ते निवृत्त झाले व ५ ऑक्टोबर १९४१ रोजी वॉशिंग्टन येथे वारले.

ब्रँडाइस यांच्या मते स्वातंत्र्य ही केवळ सरकारने द्यावयाची देणगी नव्हे. पोट भरण्यात सारा दिवस गेला तर माणूस स्वतंत्र कसला? म्हणून प्रत्येकाला समान संधी हवी. आणि ती मिळाली की गावाच्या, समाजाच्या कामाचा भार प्रत्येकाने उचलला पाहिजे. अन्याय दिसत असून गप्प बसणे हा त्यांच्या लेखी स्वातंत्र्याला सर्वांत मोठा धोका होता. आपल्या बेने इस्रायल समाजाला हे निराळे सांगावयास नको. १९६४ साली विवाहाच्या बाबतीत समान हक्कांसाठी जेरुसलेममध्ये धरणे धरून बसलेली माणसे साधीसुधी कामकरी होती. ती घरी बसली असती, तर तो हक्क आपोआप चालत आला नसता.