मैफलीतून मंडपात

1923 च्या डिसेंबरात काकिनाड्याला काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्ष होते मौलाना महंमद अली. शिरस्त्याप्रमाणे 'वंदे मातरम्' गाण्यासाठी पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर उभे राहिले, तेव्हा इस्लामला गायन मान्य नाही असे सांगून अध्यक्षांनी हरकत घेतली. बुवा डगमगले नाहीत. हा राष्ट्रसभेचा मंडप आहे, मशीद नव्हे. आणि अध्यक्षांच्या मिरवणुकीत वाद्ये चालली, तर इथे गाणे का नको, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी गीत अखेरपर्यंत गायिले. मौलाना मंचावरून उठून गेले, अशी हकिकत सांगतात.

बुवांच्या बाणेदारपणाचा दाखला म्हणून आपण हा प्रसंग पिढ्यान् पिढ्या सांगत आलो. तो तसा आहेच. पण गाणे राजकारणाच्या मंडपात आले की मंडपातली भांडणेही त्याच्या वाट्याला येतात, हेही त्यातच दिसते.

बुवांचा जन्म 18 ऑगस्ट 1872 चा, कुरुंदवाडचा. वडील कीर्तनकार. लहानपणी फटाक्याच्या दारूने डोळे अधू झाले, शाळा सुटली आणि मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे तालीम सुरू झाली. तिथली एक गोष्ट त्यांचे सगळेच चरित्रकार सांगतात. गावातल्या एका समारंभाचे बोलावणे राजाश्रयातल्या या शिष्याला आले, पण गुरूंना आले नाही. कारण ते पडले गवई! तो सल बुवांच्या मनातून कधी गेला नाही. 1896 साली त्यांनी मिरज सोडली आणि गवयाला मान मिळवून देण्याचा ध्यास घेतला.

त्यासाठी संस्थानिकांच्या मर्जीबाहेरचा श्रोता हवा होता. 5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, ते लोकांच्या वर्गणीवर. मराठी माणसाने पंजाबात जाऊन गाण्याची शाळा चालवायची, हे धाडस आजही थक्क करते. ठरलेला अभ्यासक्रम, छापील पुस्तके, स्वतःची स्वरलिपी, आणि घरी राहून शिकणारे उपदेशक विद्यार्थी. जे गुरूच्या मर्जीवर मिळत होते, ते वेळापत्रकावर आले. 1908 मध्ये मुंबईची शाखा निघाली. काँग्रेसचा मंच ही याच वाटेवरची पुढली पायरी: दरबार नको, तर देश हा आश्रयदाता.

मात्र या आश्रयदात्याचीही आवड होती. सभ्य घरांतल्या मुलामुलींना गाणे शिकवायचे, तर शृंगाराचे शब्द बाजूला सारून भजन पुढे आणावे लागले. कीर्तनकाराच्या मुलाला ते परके नव्हते. संगीत आणि राष्ट्रवाद यांचा संबंध तपासणाऱ्या अभ्यासकांनी नेमके इथे बोट ठेवले आहे. जानकी बखले यांच्या 2005 सालच्या 'टू मेन अँड म्युझिक' या इंग्रजी ग्रंथात पलुस्कर आणि भातखंडे यांच्या कार्याची अशीच झाडाझडती आहे. गाण्याला प्रतिष्ठा देताना त्याला हिंदू भक्तीचा रंग चढला आणि मुसलमान उस्ताद कडेला गेले, असा त्यांचा रोख आहे. आपल्याकडच्या गुरुभक्त मनाला हे झोंबते. पण बाळकृष्णबुवांचे गाणे ज्या वासुदेवबुवा जोशींकडून आले, ते ग्वाल्हेरच्या हस्सूखाँचे शागीर्द. काकिनाड्यात मौलानांसमोर जो गळा लागला, त्याची तालीम खाँसाहेबांच्या घरातून आलेली होती! त्या मंडपात हे कोणाला आठवले असेल, असे वाटत नाही.

पुढचे दिवस कष्टाचे. मुंबईच्या इमारतीचे कर्ज फिटेना. अखेर ती लिलावात गेली. बुवा नाशिकला रामनामात रमले. राजकारणाची सूत्रे शिष्यांकडे गेली: नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात गांधीजींच्या प्रार्थनेचे संगीत सांभाळत होते, आणि 1930 च्या दांडीयात्रेत तेही चालले.

21 ऑगस्ट 1931 रोजी मिरजेतच बुवांनी देह ठेवला. एकामागून एक मुले गमावल्यानंतर उरलेला दत्तात्रेय तेव्हा दहा वर्षांचा होता. त्याला पुढे विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांनी शिकवले.