भूकंप मोजणारे रिश्टर

मुलांनो, भूकंप झाला की 'रिश्टर' हा शब्द तुमच्या कानावर पडतो. हे एका शास्त्रज्ञाचे आडनाव आहे.

चार्ल्स रिश्टर यांचा जन्म २६ एप्रिल १९०० रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात झाला. लहानपणीच ते कॅलिफोर्नियात आले. आकाशातील तारे पाहण्याचा त्यांना छंद होता. पुढे त्यांनी पदार्थविज्ञानाचा अभ्यास केला. १९२७ साली ते पॅसाडिना येथील भूकंप प्रयोगशाळेत काम करू लागले.

तेथील यंत्रे जमिनीची थरथर कागदावर नोंदवत. पण एक अडचण होती. तळ्यात दगड टाकून पाहा. लाट दूर जाताना लहान होत जाते. भूकंपाच्या लाटांचेही तसेच होते. त्यांची ऊर्जा अधिकाधिक जागेत पसरते. शिवाय खडकांतील घर्षणामुळे काही ऊर्जेची उष्णता होते. त्यामुळे जवळचा लहान भूकंप आणि दूरचा मोठा भूकंप यांच्या नोंदी सारख्याच दिसू शकतात. मग मोठा कोणता, हे कसे ओळखायचे?

रिश्टर यांनी अनेक नोंदी तपासल्या. अंतर वाढले की लाट किती लहान होते, याचा त्यांनी तक्ता केला. त्यावरून ती लाट १०० किलोमीटर अंतरावर केवढी असती, हे काढता येऊ लागले. आता प्रत्येक भूकंपाला एक अंक देता आला. ताऱ्यांचे तेजही असेच अंकांनी सांगतात. रिश्टर यांच्या मापनात अंक एकाने वाढला, तर लाट दहा पट मोठी असते आणि ऊर्जा सुमारे ३२ पट. या कामात त्यांना बेनो गुटेनबर्ग यांची मोलाची मदत झाली. १९३५ साली ही पद्धत प्रसिद्ध झाली.

रिश्टर यांनी आपल्या घरातही भूकंपमापक यंत्र ठेवले होते. पण ते केवळ अंकांत रमले नाहीत. १९३३ साली कॅलिफोर्नियातील लाँग बीच येथे भूकंपात अनेक शाळा कोसळल्या. संध्याकाळ असल्यामुळे वर्ग रिकामे होते, म्हणून मुले वाचली. इमारती भक्कम असाव्यात, असा आग्रह रिश्टर धरत राहिले.

३० सप्टेंबर १९८५ रोजी त्यांचे निधन झाले. १९९३ साली आपल्या महाराष्ट्रात किल्लारीला पहाटे भूकंप झाला. तोही लाँग बीचएवढाच मोठा होता. पण जड दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर पडली आणि हजारो लोक दगावले.

आज शास्त्रज्ञ मोठ्या भूकंपांसाठी नवी पद्धत वापरतात. तरी बातम्यांत रिश्टर यांचे नाव येतेच. तो अंक भूकंप किती मोठा होता हे सांगतो. माणसे वाचणार की नाही, हे मात्र पुष्कळदा आपल्या घरांच्या भिंती ठरवतात.