तीन राजवटींचा कारभारी

सत्तांतर झाले, की राजधानीतील नोकरशाहीत एकच प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो : जुन्या राजवटीत मुरलेल्या अधिकाऱ्याची निष्ठा नेमकी कोणाशी? मंत्र्याशी, राज्याशी की फाइलीतील कामाशी? हा प्रश्न सव्वादोनशे वर्षांपूर्वी श्रीरंगपट्टणात एका मराठीभाषक कारभाऱ्यापुढे जितक्या क्रूरपणे उभा राहिला, तितका तो क्वचितच कोणापुढे आला असेल. हैदर अली, टिपू सुलतान आणि त्यानंतर इंग्रजांनी गादीवर बसविलेले वडियार घराणे अशा तीन राजवटींची दौलत सांभाळणारे हे कारभारी म्हणजे दिवाण पूर्णय्या.

१७४६ मध्ये तमिळ मुलखातील एका देशस्थ माध्व ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले आणि एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिण्याचे काम करीत ते वाढले. हैदरच्या कोठीला धान्य पुरविणाऱ्या पेढ्यांशी या व्यापाऱ्याचा संबंध होता. त्या ओळखीतून पूर्णय्या हैदरच्या खजिन्यात आले. अक्षर, स्मरणशक्ती आणि अनेक भाषांवरील पकड या बळावर ते अल्पावधीत धन्याच्या विश्वासातील झाले. म्हैसूरच्या महसुली दप्तरात त्या काळी कन्नडच्या बरोबरीने मराठीचाही वावर होता. हिशेबनीस मराठीभाषकांचा दक्षिणेतील दरबारांत जो दबदबा होता, त्याचे पूर्णय्या हे ठळक उदाहरण ठरले.

त्यांच्या निष्ठेची पहिली मोठी कसोटी ७ डिसेंबर १७८२ रोजी लागली. इंग्रजांशी युद्ध ऐन भरात असताना चित्तूरनजीकच्या छावणीत हैदरचा मृत्यू झाला. टिपू तेव्हा मलबारच्या बाजूला होता. बातमी फुटली असती, तर फौज विस्कटली असती आणि गादीचे दावेदार उठले असते. पूर्णय्या आणि इतर मोजक्या विश्वासूंनी मृत्यू गुप्त ठेवला. पार्थिव खजिन्याची पेटी असल्यासारखे छावणीबाहेर काढण्यात आले आणि टिपू येऊन पोहोचेपर्यंत कारभार जणू काही घडलेच नाही अशा थाटात चालू राहिला.

टिपूच्या काळात महसूल आणि खजिना यांची सूत्रे त्यांच्याकडेच राहिली. १७९०–९२ च्या युद्धात मराठे इंग्रजांच्या बाजूने श्रीरंगपट्टणावर चालून आले. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा एका बाजूला आणि मराठी बोलणारे पूर्णय्या टिपूच्या बाजूला, असे ते चित्र होते. त्याच मोहिमेत, १७९१ मध्ये, मराठी फौजेबरोबरच्या लुटारूंनी शृंगेरी मठ लुटला आणि मठाच्या पुनर्स्थापनेला साहाय्य केले ते टिपूने. भाषा, धर्म आणि राज्य यांच्या आजच्या चौकटी त्या काळावर सरसकट बसविता येत नाहीत, त्या अशा. १७९२ च्या तहाने टिपूचे निम्मे राज्य गेले, ३ कोटी ३० लाख रुपयांची खंडणी बसली आणि दोन राजपुत्र ओलीस द्यावे लागले. हा भार पूर्णय्यांच्या खजिन्यावरच पडला.

४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू मारला गेला. फितुरीचा ठपका लोकस्मृतीने मुख्यतः मीर सादिकवर ठेवला; पूर्णय्याही त्यातून पूर्णपणे सुटले नाहीत. मात्र शरण आल्यानंतर त्यांनी आधी सुचविले, ते टिपूचा पुत्र फतेह हैदर याला गादीवर बसवावे असे. इंग्रजांचा बेत वेगळा होता. जुन्या वडियार घराण्यातील पाच वर्षांचे कृष्णराज ३० जून रोजी गादीवर बसले. ८ जुलैच्या तहाने दरवर्षी सात लाख होनांची रक्कम कंपनीला देण्याचे ठरले. राजा अज्ञान, फौज कंपनीची, दरबारात इंग्रज रेसिडेंट. आणि कारभार पूर्णय्यांकडे.

पुढील बारा वर्षांत त्यांनी विस्कटलेला मुलूख सावरला. तलाव-कालवे दुरुस्त झाले, धर्मशाळा उभ्या राहिल्या. श्रीरंगपट्टणाजवळ कावेरीवर १८०४ मध्ये बांधलेल्या दगडी पुलाला त्यांनी वेलस्लीचे नाव दिले. कृतज्ञता म्हणा वा व्यवहार. पण वसाहतकाळातील देशी कारभाऱ्याची सारी कोंडी त्या नावात आहे. ही कोंडी सर्वांत टोकदार झाली ती १८०३ मध्ये. असईच्या रणांगणावर आर्थर वेलस्ली शिंदे-भोसल्यांशी लढला, तेव्हा म्हैसूरचे घोडदळ त्याच्या बाजूला होते. मराठी सत्तेचा कणा मोडणाऱ्या मोहिमेला मराठीभाषक दिवाणाच्या राज्याने स्वार पुरविले. १८०७ च्या करारान्वये चार हजार स्वार बाळगण्याचे बंधन म्हैसूरवर आले आणि त्याच वर्षी पूर्णय्यांना येळंदूरची वंशपरंपरागत जहागीर मिळाली.

अशा माणसांचा निवाडा प्रत्येक समाज आपापल्या परीने करतो. १९१० मध्ये जपानने कोरिया गिळंकृत केला. त्या करारावर सही करणारे पंतप्रधान यी वान-योंग यांचे नाव तेथे आजही फितुरीचा पर्याय म्हणून घेतले जाते. २००९ मध्ये तेथील एका संशोधन संस्थेने जपानशी सहकार्य करणाऱ्या ४,३८९ जणांचा कोशच प्रसिद्ध केला. आपल्याकडे असा हिशेब कोणी मांडला नाही. मात्र एक भेद विसरता येत नाही. यींनी एका अस्तित्वात असलेल्या राज्याचा अंत सहीनिशी मान्य केला. पूर्णय्यांच्या हाती आले, ते आधीच पडलेले राज्य. भारत नावाचे राजकीय राष्ट्र तेव्हा कोणाच्या मनात आकारालाही आले नव्हते.

१८११ मध्ये तरुण राजाने सूत्रे हाती घेतली आणि वृद्ध दिवाण बाजूला झाले. खजिन्यात त्यांनी दोन कोटी रुपयांहून अधिक शिल्लक ठेवल्याचे सांगतात. रयतेकडून कसून वसुली केल्याशिवाय एवढी शिल्लक राहते का, हा टीकाकारांचा सवालही रास्तच आहे. मार्च १८१२ मध्ये श्रीरंगपट्टणातच त्यांचे निधन झाले. पुढे वीस वर्षांच्या आत ती शिल्लक संपली, नगर भागात रयतेने बंड केले आणि १८३१ मध्ये इंग्रजांनी कारभार थेट आपल्याकडे घेतला. तो राजघराण्याला परत मिळायला १८८१ उजाडले. पूर्णय्यांचेच वंशज पी. एन. कृष्णमूर्ती १९०१ ते १९०६ या काळात म्हैसूरचे दिवाण होते.

कावेरीकाठच्या बेळगोळ परिसरात पूर्णय्यांची आणखी एक खूण शोधता येते. नदीचे पाणी म्हैसूर शहरात नेण्यासाठी त्यांनी कालवा खोदायला घेतला होता. तो तडीस गेला नाही. म्हैसूरकर मात्र त्याला आजही पूर्णय्या नालाच म्हणतात. पुढे शहराला कावेरीचे पाणी मिळाले, ते बेळगोळच्या पंपांनी. राजवटी बदलल्या, झेंडे बदलले, पण शहराची तहान तीच राहिली. पूर्णय्यांची निष्ठा कोणाशी होती, याचे उत्तर देताना त्यांनी पुरविलेले स्वार मोजावे लागतील, तसा हा अर्धवट कालवाही.